रूळ बोलतात... ऐकतंय कोण?

शकुंतलेच्या अचलपुरात भेटला एक रिटायर्ड चावीवाला आणि पुण्यात भेटला एक डेटा इंजिनीअर. एकाच्या हातात हातोडा, दुसऱ्याच्या हातात लॅपटॉप. धंदा मात्र दोघांचा एकच, रुळांची तब्येत सांभाळायची! एका हटके करिअरची ही ओळख.

७६ किलोमीटर. चार तास!

नाही मंडळी, लाँग वीकेंडला तुंबलेल्या एक्स्प्रेस-वेची ही गोष्ट नाही. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या आपल्या शकुंतलेची आहे. हिशेब करा. थांबे धरून सरासरी ताशी १९ किलोमीटर. जरा दमाचा पोरगा सायकलवरून तिला टाटा करत पुढे निघून जाईल. पुढच्या डब्यातून उतरायचं, शेतातले हरभऱ्याचे डहाळे उपटायचे आणि आरामात मागच्या डब्यात चढायचं, अशी गंमत सांगितली की पुण्या-मुंबईची मंडळी खो-खो हसतात. वऱ्हाडातली मंडळी हसत नाहीत. मान डोलावतात.

पण हसण्याआधी एक सांगते. ताशी १९ किलोमीटर हा नुसता वेग नव्हता. तो डेटा होता. त्या रुळांची तब्येत कशी आहे, याचा रोज सकाळी वेळापत्रकावर छापून येणारा रिपोर्ट होता. सगळ्यांना तो दिसत होता. फक्त त्यावर कारवाई कोणी करायची, हे ठरत नव्हतं.

तुमच्या ऑफिसात पण हेच होतं ना? भिंतीवर झक्कास डॅशबोर्ड असतो. हिरवे ठिपके, पिवळे ठिपके, मधूनच एखादा लाल. सोमवारच्या मीटिंगला सगळे त्या लाल ठिपक्याकडे बघतात आणि मग चहा येतो. आपल्याकडे फार तर एखादं टार्गेट चुकतं. रेल्वेत तोच लाल ठिपका एखाद्या पुलावर किंवा वळणावर असतो. म्हणूनच रुळांच्या डेटावर काम करणाऱ्या माणसाचा जॉब बाहेरून बोअर वाटला, तरी आतून सॉलिड आहे. तो कळायला सुरुवात अचलपूरपासूनच करू या.

कापसाची गाडी, कंपनीचे रूळ

अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर. एकेकाळची वऱ्हाडची राजधानी. शेजारी परतवाडा, वर चिखलदऱ्याचा डोंगर आणि खाली नजर पोचेल तिथवर कापूस. हा कापूस मुंबई बंदरातून थेट मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचवायचा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे नॅरोगेज टाकलं गेलं. दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. मधोमध मूर्तिजापूर. तिथून एक फाटा दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, पथ्रोट करत अचलपूरला आणि दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला. दुसरा फाटा ११३ किलोमीटरचा. दोन्ही मिळून जवळजवळ १९० किलोमीटर.

या लाइनीची खरी गंमत तिच्या मालकीत आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या नावाने ती उभी केली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र खासगीच राहिली. म्हणजे गाडी चालवायची मध्य रेल्वे, रूळ कंपनीचे आणि दोघांमध्ये करार. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ती सत्तरेक वर्षं ओढली. १९९४ च्या एप्रिलमध्ये डिझेल इंजिन आलं. इंजिन बदललं, पण खालचे रूळ?

तिथेच तर घोडं अडलं! भाड्याचं घर गळत असलं की काय होतं, आठवतंय? भाडेकरू म्हणतो घर मालकाचं, मालक म्हणतो राहतोस तू. छप्पर बिचारं दोघांचं ऐकत गळत राहतं. रुळांवर पैसा कोणी आणि किती घालायचा, हा प्रश्न इथे दशकानुदशकं असाच लोंबकळत राहिला. वेग कमी होत गेला. २०१६ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी ब्रॉडगेजला हिरवा कंदील दाखवल्याच्या बातम्या आल्या आणि गावोगाव पेढे वाटले गेले. पण पुढच्या काही वर्षांत आधी यवतमाळची, मग अचलपूरची गाडी थांबली. रूळ धोक्याचे झाले होते.

चावीवाल्याचं सॉफ्टवेअर

अचलपुरात मला एक काका भेटले. अनेक वर्षं चावीवाला म्हणून काढलेली. चावीवाला म्हणजे घराच्या चाव्या बनवणारा नव्हे बरं का! रूळ खालच्या स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरींना चावी म्हणतात. गाडीच्या थरथरीने त्या सैल होतात. रोज पाच-सहा किलोमीटर चालत जायचं, प्रत्येक चावी बघायची, ढिली असेल ती ठोकायची, बोल्ट आवळायचे. खांद्यावर हातोडा आणि पाना, सोबत लाल-हिरवी झेंडी. उन्हाळ्यात अकोला-अमरावतीचं ऊन माहितीये ना? त्या उन्हात हे सगळं.

‘‘काका, रूळ बिघडलाय हे कळायचं कसं?’’ मी विचारलं.

‘‘आयका मॅडम, रूळ बोलते,’’ काका म्हणाले. ‘‘हातोडा मारला का ठण्ण वाजलं पायजे. भद्दकन वाजलं का समजाचं, कुठंतरी चिरा हाये नाई त बोल्ट ढिल्ला हाये.’’

‘‘मग कोणाला सांगायचं?’’

‘‘मुकादमाले. मुकादम सायबाले सांगे. सायब डायवरले कागद दे, का इथून हळू चाल म्हनून.’’

‘‘आणि दुरुस्ती?’’

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘सामान आलं त होये. नाई आलं त गाडी हळू चाले. मंग अजून हळू. मंग बंद.’’

बघा, एका संपूर्ण रेल्वेलाइनीची केस स्टडी काकांनी चार वाक्यांत संपवली!

आणि नीट पाहिलं तर आपल्या आयटीच्या भाषेत जे जे असतं, ते सगळं यात आहे. काकांचा कान म्हणजे सेन्सर. ‘ठण्ण की भद्द’ हा निकष. मुकादम, साहेब, ड्रायव्हर ही डेटाची पाइपलाइन. आणि ‘हळू चाल’ हा शेवटचा अलर्ट. रेल्वेत या कागदाला कॉशन ऑर्डर म्हणतात. अमुक किलोमीटर ते तमुक किलोमीटर इतक्याच वेगाने जा, असं त्यात लिहिलेलं असतं. ही पाइपलाइन शंभर वर्षं बिनबोभाट चालली. कमतरता एकच होती. तिच्या शेवटी दुरुस्तीचं सामान आणि पैसा घेऊन उभा असलेला माणूस नव्हता.

हातोड्यापासून हार्ड डिस्कपर्यंत

शकुंतला जिथे मुख्य लाइनीला भेटते, त्या मूर्तिजापुरात जरा थांबा. इथून मुंबई-हावडा ब्रॉडगेज जातं. रुंदी १६७६ मिलिमीटर, म्हणजे शकुंतलेच्या दुपटीहून जास्त. एकाच स्टेशनवर दोन जगं! या मोठ्या रुळांवरही चावीवाला आहेच, त्याच्याकडे आता जीपीएस ट्रॅकर असतो. पण त्याच्या जोडीला मशिनंही आली आहेत.

एक म्हणजे ट्रॅक रेकॉर्डिंग कार. दिसायला रेल्वेचा डबा, पण आत लेझर, कॅमेरे आणि कॉम्प्युटर. ती धावता धावता मोजत जाते. दोन रुळांमधलं अंतर वाढलंय का, रूळ खाली बसलाय का, बाजूला सरकलाय का, एक रूळ दुसऱ्यापेक्षा वर-खाली होतोय का. दुसरं म्हणजे अल्ट्रासॉनिक तपासणी. रुळाची सोनोग्राफीच म्हणा ना! वरून चकचकीत दिसणाऱ्या रुळाच्या पोटात तडा असेल तर ध्वनिलहरी तिथून परत येतात. आणि तिसरं, डब्याच्या जमिनीवर ठेवायचं धक्के मोजणारं यंत्र. पूर्वी साहेब लोक इंजिनात किंवा शेवटच्या डब्यात बसून धक्का जाणवला की वहीत नोंद करायचे. आता ती नोंद एक चिप करते. तुमच्या मोबाइलची स्क्रीन आडवी-उभी फिरवणारी चिप असते ना, तिचीच ही मोठी बहीण!

वऱ्हाडासाठी तापमान मोजणं तर मस्टच. हल्ली रूळ वेल्डिंग करून लांबच लांब जोडलेले असतात, म्हणून तो जुना ‘खटॅक-खटॅक’ आवाज ऐकू येत नाही. पण पोलाद तापलं की वाढणारच. एक किलोमीटर रूळ ४० अंशांनी तापला तर तो साधारण ४६ सेंटीमीटर लांब व्हायला बघतो. स्लीपर आणि खडी त्याला घट्ट धरून ठेवतात म्हणून तो वाढत नाही, पण आत प्रचंड दाब साठतो. कुठे खडी कमी पडली किंवा पकड सुटली, तर रूळ सापासारखा वळवळतो. मेच्या दुपारी बडनेरा-अकोला पट्ट्यात रुळाचं तापमान हवेपेक्षाही बरंच वर असतं. म्हणून या दिवसांत खास उन्हाळी गस्त असते.

आता थोडं गणित. समजा, अचलपूर-मूर्तिजापूरच्या ७६ किलोमीटरवर दर २५ सेंटीमीटरला एक नोंद घेतली. झाल्या ३ लाख ४ हजार जागा. प्रत्येक जागी सहा गोष्टी मोजल्या तर एका फेरीत १८ लाख २४ हजार आकडे. एखाद्या पुलावर सेकंदाला हजार नोंदी घेणारा एक सेन्सर बसवला, तर तो एकटाच दिवसाला ८ कोटी ६४ लाख आकडे ओकतो. हे सगळं कुठे ठेवायचं? कोण वाचणार? त्यातला कामाचा आकडा कुठला?

इथे एन्ट्री होते आपल्या हीरोची.

डेटा इंजिनीअर नक्की करतो काय?

आपला हीरो परतवाड्याचा. अमरावतीला इंजिनीअरिंग करून पुण्यात आला. रुळांच्या देखरेखीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. नाव छापू नकोस, म्हणाला. बाणेरच्या एका कॅफेत दोन कटिंग झाल्यावर आमचं ‘अहो-जाहो’ संपलं आणि खरं बोलणं सुरू झालं.

‘‘घरी सांगितलं, रेल्वेच्या डेटावर काम करतो. तर आईने शेजारी सांगितलं, पोरगा तिकिटं काढून देतो!’’ तो हसत म्हणाला. ‘‘तेव्हापासून दिवाळीला सगळे रिझर्व्हेशन मागतात.’’

खरं काम काय? त्याच्या शब्दांत सांगायचं तर ‘प्लंबिंग’. सेन्सरपासून निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत आकडे पोचवणारे नळ टाकायचे आणि ते गळू द्यायचे नाहीत. सेन्सर तासन्‌तास गप्प बसतो, कारण बॅटरी संपलेली असते. नेटवर्क नसलेल्या भागातून सगळा डेटा रात्री एकदम येऊन आदळतो. दोन यंत्रांची घड्याळं जुळत नाहीत. एकाच जागेची तीच नोंद तीनदा येते. हे सगळं निवडायचं, स्वच्छ करायचं, रांगेत लावायचं. बायका तांदूळ निवडतात तसं. फरक इतकाच की इथे खडा फेकायच्या आधी तो खडाच आहे ना, हे दोनदा बघावं लागतं. कारण जो आकडा विचित्र म्हणून तुम्ही टाकून दिलात, तोच कदाचित खरा तडा असतो!

पण सगळ्यात डोकेदुखीचा प्रश्न वेगळाच आहे. पत्ता!

‘‘तुला वाटेल जीपीएस आहे की,’’ तो म्हणाला. ‘‘पण बोगद्यात जीपीएस नाही. शेजारी-शेजारी दोन लाइनी असल्या तर गाडी कुठल्या लाइनीवर होती, हे साध्या जीपीएसला छातीठोक सांगता येत नाही. आणि रेल्वेचा माणूस अक्षांश-रेखांशाने बोलतच नाही. तो म्हणतो, किलोमीटर अमुक, खांब नंबर तमुक.’’

त्यात चाकं झिजतात, घसरतात. म्हणजे चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजलं तर मागच्या महिन्याची फेरी आणि या महिन्याची फेरी काही मीटर पुढे-मागे होते. आता बघा, तुम्हाला जाणून घ्यायचंय की त्याच जागी रूळ दोन मिलिमीटर आणखी खचला का. पण ‘तीच जागा’ कुठली, हेच जर तीन मीटरने चुकलं, तर तुलना कशाशी करणार? म्हणून वळणं, पूल, सांधे या ओळखीच्या खुणा धरून दोन फेऱ्यांचे आलेख एकमेकांवर सरकवून जुळवायचे. शिंपी चौकड्याच्या शर्टाचे दोन तुकडे रेषेला रेष लावून जोडतो ना, अगदी तस्संच. याच्या कामाचे कितीतरी तास यातच जातात. ग्लॅमर शून्य. पण हे जुळलं नाही तर पुढचं मशीन लर्निंग बिर्निंग सगळं मुसळ केरात!

लाल ठिपका कोणाचा?

एक प्रसंग त्याने सांगितला. परदेशातल्या एका रेल्वेचं काम होतं. एका सांध्यावरचे धक्के रोज थोडे थोडे वाढत होते. यांच्या सिस्टिमने ते बरोबर पकडलं आणि अलर्ट पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे सहा दिवस. सातव्या दिवशी तिथल्याच एका गस्तवाल्याला चालताना तो सांधा सैल दिसला, त्याने तो नीट केला. मग शोधाशोध झाली. सहाही अलर्ट ज्या मेलबॉक्समध्ये पडत होते, त्या साहेबांची केव्हाच बदली झाली होती!

‘‘आमचा अलर्ट शंभर टक्के बरोबर होता,’’ तो म्हणाला, ‘‘आणि शंभर टक्के निरुपयोगी.’’

काही विपरीत झालं नाही म्हणून आपण हसतो. पण झालं असतं तर? तेही घडलेलं आहे. १७ ऑक्टोबर २०००. इंग्लंडमधलं हॅटफील्ड. लंडनहून लीड्सला निघालेली गाडी ताशी सुमारे १८५ किलोमीटरने एका वळणावरून जात असताना रूळ फुटला. साधा तुटला नाही, तीनशेहून जास्त तुकडे झाले. चौघं गेली. चौकशीत काय निघालं? त्या रुळाला बारीक तडे आहेत, हे आधीच माहीत होतं. नवे रूळ आणूनही ठेवलेले होते. बसवले मात्र नव्हते. रुळांची मालकी एका कंपनीकडे, देखभालीचं कंत्राट दुसरीकडे.

मालक एक, सांभाळणारा दुसरा. ओळखीचं वाटतंय ना?

त्यानंतर जे झालं ते शकुंतलेच्या माणसाला जास्तच ओळखीचं वाटेल. असे तडे आणखी कुठेकुठे असतील, याचा मालक कंपनीकडे धड हिशेबच नव्हता. मग काय करणार? देशभर हजाराहून जास्त ठिकाणी गाड्यांचा वेग उतरवला. अख्ख्या ब्रिटनची काही महिने शकुंतला झाली! पुढच्याच वर्षी ती कंपनी बुडाली. तिच्या जागी आलेल्या नेटवर्क रेलने २००३ मध्ये ताशी २०० किलोमीटरने धावत रूळ तपासणारी पिवळीधमक गाडी सुरू केली.

या धंद्याचा मूळ फंडा हाच आहे. ज्याला आपल्या रुळांची खबर नाही, त्याच्या हातात एकच औषध उरतं, हळू चाला. ते सुरक्षित असतं, पण महाग पडतं. गाडी हळू झाली की माणसं एसटी आणि काळीपिवळीकडे जातात. माणसं गेली की पैसा जातो. पैसा गेला की रूळ आणखी बिघडतात. डेटा नीट असेल तर ७६ किलोमीटर हळू जावं लागत नाही, नेमक्या दोनशे मीटरवर हळू जाऊन तेवढेच दोनशे मीटर दुरुस्त करता येतात. आणि डेटा असूनही करणारा ठरलेला नसेल, तर तो डेटा म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. तारीख दाखवतं, काम करत नाही.

कोकणातला वारा काय सांगतो?

आकड्यामागे माणूस उभा कसा करायचा, हे बघायला लांब जायला नको. आपली कोकण रेल्वे आहे. १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झालेली, ७४१ किलोमीटरची. डोंगर, दरडी, पाऊस, सगळं एकाच ठिकाणी. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला दरडीनेच अपघात झाला.

आज पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रकच वेगळं असतं. नऊ स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. माणगाव-वीर दरम्यान काळ नदीवर, पुढे सावित्रीवर आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीवर पुलांना पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर, गोव्यात मांडवी आणि झुआरीवर, कर्नाटकात शरावतीवर वाऱ्याचा वेग मोजला जातो. जोरदार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर लोको पायलटने ताशी ४० च्या वर जायचंच नाही, असा नियम आहे.

इथे गंमत यंत्रांची नाही. पाण्याची पातळी चढली की फोन कोणाला जाणार, गाडी कोण थांबवणार, हे पाऊस पडायच्या आधी ठरलेलं असतं. निरोपाच्या टोकाला खुर्चीवर माणूस बसलेला असतो. काकांच्या भाषेत सांगायचं तर इथे ‘सायब’ जागेवर आहे.

करायचंय का हे काम?

रोज त्याच त्या रिटेलच्या आणि बँकेच्या रिपोर्टला कंटाळला असाल, तर या टिप्स कापून ठेवा.

पाया तोच: एसक्यूएल आणि पायथन. फॅन्सी टूल्स नंतर. रोजच्या कामात सगळ्यात जास्त उपयोग साध्या, नीट लिहिलेल्या क्वेरीचा होतो.

वेळ आणि जागा: सेन्सरचा डेटा म्हणजे ‘कधी’ आणि ‘कुठे’. म्हणून टाइम सिरीज आणि नकाशांचा डेटा हाताळता आलाच पाहिजे. पोस्टजीआयएससारखी फुकट मिळणारी साधनं घरीच शिकता येतात.

डेटाची वाहतूक: एमक्यूटीटी, काफ्का ही नावं ओळखीची करून घ्या. यातलं एमक्यूटीटी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवण्यासाठी बनवलं. नेटवर्क कमजोर असताना कमीत कमी शब्दांत निरोप पोचवायचा, ही त्याची खासियत. मेळघाटच्या पायथ्याला यापेक्षा उपयोगी गुण कुठला?

रूळ शिका: पुण्यात कोरेगाव पार्कजवळ इरिसेन ही रेल्वेच्या सिव्हिल इंजिनीअर्सना ट्रेनिंग देणारी संस्था आहे. रुळांच्या देखभालीवरची तिची पुस्तकं तिच्या वेबसाइटवर वाचायला मिळतात. मुलाखतीत ‘ट्विस्ट’ म्हणजे काय हे सांगणारा कॉम्प्युटरवाला विरळाच. तुम्ही सांगितलंत तर भाव खाऊन जाल!

दारं कुठली: रेल्वेचं सॉफ्टवेअर सांभाळणारी क्रिस ही संस्था आहे. तिथे गेटच्या गुणांवर भरती झालेली आहे. लखनौची आरडीएसओ संशोधन करते. नागपूर, पुणे, मुंबईच्या मेट्रो आहेत. आणि परदेशी रेल्वेंची कामं करणाऱ्या खासगी कंपन्या पुण्यात आहेतच.

स्वभाव: घाईचा असेल तर इथे येऊ नका. ‘चालतंय की’ म्हणणारा असेल तर मुळीच येऊ नका.

आणखी एक. पुढे काय होणार, याची झलक जपानकडून घ्या. तिथल्या बुलेट ट्रेनचे रूळ ‘डॉक्टर यलो’ नावाची पिवळी गाडी तपासायची. ती दिसली की नशीब फळफळतं, असं तिथली पोरं मानतात. जेआर सेंट्रल कंपनीची ही गाडी २०२५ च्या जानेवारीत रिटायर झाली. आता तिचं काम रोजच्या प्रवासी गाड्यांवर बसवलेली यंत्रं करणार. म्हणजे महिन्यातून दोन-तीनदा नव्हे, रोज तपासणी. आणि म्हणजेच आकड्यांचा आणखी मोठा पूर, आणखी नळ, आणखी प्लंबर!

आणि अचलपूर?

परतवाड्याच्या त्या पोराला मी शेवटी विचारलं, उद्या खरंच ब्रॉडगेज झालं आणि तुला बोलावलं, तर पहिल्या दिवशी काय करशील? मला वाटलं, एखाद्या भारी सेन्सरचं नाव घेईल.

‘‘कागद आणि पेन घेईन,’’ तो म्हणाला. ‘‘आधी लिहीन, लाल ठिपका आला की फोन कोणाला जाणार. त्याने किती वेळात उचलायचा. नाही उचलला तर पुढचा कोण. आणि सामान आणायचे पैसे कोणाच्या खात्यातून. ही चार नावं मिळाल्याशिवाय मी सेन्सरचं खोकंसुद्धा उघडणार नाही.’’

‘‘आणि पाचवं?’’

‘‘पाचवा चावीवाला. त्याच्या मोबाइलवर एक बटण देईन. आमचा आकडा हिरवा असला आणि त्याच्या कानाला भद्द ऐकू आलं, तर त्याने दाबायचं. गाडी हळू होणार. वाद नंतर घालू.’’

अचलपूरला वर्षानुवर्षं लोक गाडी मागतायत. मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. गाडी येईल तेव्हा येईल. पण ती येईल त्या दिवशी रुळांसोबत ही पाच नावंही मागून घ्या, असं तिथल्या मंडळींना सांगावंसं वाटतं. नवे रूळ पहिल्या दिवशी छानच वाजतात. प्रश्न विसाव्या वर्षाचा असतो.

आणि तुम्ही? उद्या ऑफिसात गेलात की त्या झक्कास डॅशबोर्डवरचा एक लाल ठिपका निवडा आणि शेजारच्याला विचारा, हा कोणाचा? तीन जणांनी तीन वेगवेगळी नावं सांगितली, तर चहा थोडा उशिरा प्या. आधी ते एक नाव नक्की करा!